संगणकाच्या पडद्याचे चित्रमुद्रण : अल्प खर्चाचे साधन कसे निवडावे?

नेवासे तालुक्यातील घोडेगाव हे अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील मोठ्या राबत्याचे गाव होय. येथील शुक्रवारचा जनावरांचा बाजार आणि कांद्याचे मार्केट यांमुळे आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांचे येथे नित्य जाणे-येणे असते. अलीकडे बाजारास येणारा शेतकरी आणखी एक काम पदरात बांधून येतो. ते काम म्हणजे संगणकावरील अर्जाचे. ठिबक संचासाठी अथवा अवजारांसाठी महाडीबीटी संकेतस्थळावर करावयाचा अर्ज, पीक विम्याचा भरणा, शेतकरी ओळख क्रमांकाची नोंदणी, अशी अनेक कामे आता पडद्यासमोर बसूनच करावी लागतात. ज्यास ती करता येत नाहीत, त्यास दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागते, आणि मुदतीचे अखेरचे दिवस आले म्हणजे ते दारही गर्दीने अडलेले असते.

या कामांविषयी ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांस विचारले जाणारे प्रश्न बहुधा ठराविक असतात. कोणते पान उघडावे? गट क्रमांक कोठे घालावा? कागद चढविताना तो परत का येतो? एकच उत्तर दिवसातून वीस वेळा, वीस जणांस द्यावे लागते. ऐकणाराही घरी जाईपर्यंत त्यातील निम्मे विसरतो. आणि त्यात त्याचा दोष नाही, कारण पडद्यावरील कृती तोंडी सांगून ध्यानात राहत नाही. अशा कृतीचे एकदा नीट चित्रमुद्रण करून ठेवल्यास शेतकऱ्यास ते आपल्या सवडीने, हवे तितक्या वेळा, घरच्या मंडळींसह पाहता येते. संगणकाच्या पडद्यावर बाण कोठे गेला, कोणता रकाना भरला, पुढे काय उमटले, हे सर्व बोलणाऱ्याच्या आवाजासह टिपून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला स्क्रीन रेकॉर्डर असे म्हणतात. ग्रामपंचायत, शेतकरी उत्पादक कंपनी अथवा बचत गट यांनी असे साधन निवडताना कोणत्या गोष्टी पाहाव्यात आणि त्यासाठी पैसा खर्च करावा किंवा नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पवई येथील उदाहरण

या पद्धतीचा मोठ्या प्रमाणावर उपयोग आपल्याच राज्यात झालेला आहे. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजेच आयआयटी मुंबई येथे, रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प उभा राहिला. केंद्रीय शिक्षण खात्याच्या राष्ट्रीय अभियानातून त्यास साहाय्य मिळाले. निरनिराळी मोफत सॉफ्टवेअर कशी वापरावीत, हे शिकविणारे सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ या प्रकल्पात तयार करण्यात आले, आणि ते पडद्याच्या चित्रमुद्रणाचेच आहेत.

त्यांच्या कार्यपद्धतीतील दोन गोष्टी आपण अवश्य उचलाव्यात. पहिली ही की, मुद्रण सुरू करण्यापूर्वी संपूर्ण संहिता लिहून काढली जाते. एका रकान्यात पडद्यावर काय करावयाचे ते, व दुसऱ्या रकान्यात त्या वेळी काय बोलावयाचे ते. दुसरी गोष्ट अशी की, पडद्याचे चित्र तेच ठेवून त्यावरील आवाज निरनिराळ्या भारतीय भाषांत स्वतंत्रपणे भरला जातो. मराठी पाठ याच रीतीने झाले. ज्याला इंग्रजी वाचावयास जड जाते अशा विद्यार्थ्यासही इंग्रजी अक्षरांचे सॉफ्टवेअर मराठी निवेदनाच्या आधारे शिकता यावे, हा त्यामागील हेतू होय. पाठ पाहताना पडद्याच्या एका अर्ध्या भागात पाठ व दुसऱ्या अर्ध्यात प्रत्यक्ष सॉफ्टवेअर उघडे ठेवून, थांबत थांबत तीच कृती स्वतः करावयाची, असा त्यांचा प्रघात आहे. शेतकऱ्याच्या हाती बहुधा मोबाईलचा लहान पडदा असतो, म्हणून ही शेवटची सोय त्यास नाही. तेवढ्याकरिता पाठ अधिक सावकाश करावा लागेल.

इतके मोठे काम करणाऱ्या या प्रकल्पाचा सारा भर मोफत व मुक्त सॉफ्टवेअरवर आहे. भारत सरकारनेही २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरच्या अंगीकाराचे धोरण जाहीर केले व शासकीय संगणकीय कामांत अशा सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावे असे त्यात सांगितले. तेव्हा गावपातळीवरील चार-पाच मिनिटांच्या पाठांसाठी विकत सॉफ्टवेअर हवेच, या समजुतीस फारसा आधार उरत नाही.

आधी आपल्या यंत्रात काय आहे ते पाहावे

बाजारात बैल घेण्यापूर्वी आपल्या गोठ्यातील जोडी कोणत्या कामास पुरते, याचा अदमास शेतकरी घेतोच. येथेही तसेच करावे. संगणकात विंडोज ११ ही प्रणाली असल्यास निराळे काही उतरवून घेण्याची बहुधा गरज नाही. तिच्यातील ‘स्निपिंग टूल’ या साधनात २०२३ पासून पडद्याच्या चित्रमुद्रणाची सोय आली व त्याच वर्षी पुढे आवाज टिपण्याचीही सोय झाली. विंडोजची कळ, शिफ्ट आणि आर या तीन कळा एकत्र दाबल्या म्हणजे पडद्याचा हवा तेवढा भाग चौकटीत घेऊन मुद्रण सुरू करता येते. मध्येच क्षणभर थांबविण्याची सोय त्यात आहे, आणि ती किती मोलाची आहे हे पुढे दिसून येईल. माईक सुरू केला आहे की नाही हे मात्र प्रथम पाहून घ्यावे.

जुन्या यंत्रांत विंडोज १० असते. तिच्या स्निपिंग टूलमध्ये ही सोय नाही. तीत ‘गेम बार’ नावाचे साधन आहे. ते मूळचे खेळांसाठी केलेले असले तरी आपल्या कामास येते. विंडोजची कळ व जी दाबल्यास ते उघडते. त्याची मर्यादा अशी की, ते एका वेळी एकाच खिडकीचे चित्र घेते. रिकामा पडदा अथवा फाईलींचे कप्पे दाखविणारी खिडकी त्यात टिपली जात नाही. म्हणून ‘सातबाऱ्याची फाईल कप्प्यातून उचलून अर्जास कशी जोडावी’ हे दाखवावयाचे असल्यास हे साधन अपुरे पडते. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्ट कंपनीकडून मिळणाऱ्या नियमित सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाल्या, ही गोष्टही अशा यंत्रावर शेतकऱ्यांची माहिती हाताळणाऱ्यांनी ध्यानात घ्यावयास हवी.

वीज गेली तर?

याहून अधिक सोयी हव्या असतील तर ‘ओबीएस स्टुडिओ’ हे सॉफ्टवेअर घ्यावे. ते २०१२ पासून उपलब्ध असून पूर्णतः मोफत व मुक्त परवान्याचे आहे. विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्ही प्रणालींवर ते चालते. वेळेची मर्यादा नाही, चित्रावर कोणाचेही नाव उमटत नाही, वर्गणी नाही. पंख्याची घरघर व रस्त्यावरील गोंगाट कमी करणारी गाळणीही त्यात आहे. हमरस्त्यालगतच्या कार्यालयांना तिचा उपयोग होईल. प्रथम उघडल्यावर ते काहीसे गोंधळात टाकते, हे खरे. त्यात आधी एक ‘सीन’ आणि त्यात ‘सोर्स’, म्हणजे पडदा अथवा खिडकी, अशी मांडणी करून द्यावी लागते. परंतु ही मांडणी एकदाच करावयाची असते, आणि एका दुपारच्या सरावाने ती हाती बसते.

आपल्या भागातील विजेचा विचार करता यातील एक बारकावा विशेष महत्त्वाचा वाटतो. चित्रमुद्रणाची फाईल साधारणतः ‘एमपी४’ प्रकारात ठेवली जाते. या प्रकारात फाईल उघडण्यास लागणारा ताळेबंद मुद्रण संपते वेळी शेवटी लिहिला जातो. मध्येच वीज गेली व यंत्र बंद पडले, तर तो ताळेबंद लिहिलाच जात नाही, आणि झालेले सर्व मुद्रण वाया जाते. ‘एमकेव्ही’ या प्रकारात तसे होत नाही; वीज जाईपर्यंतचा भाग हाती राहतो. म्हणून ओबीएसच्या सेटिंगमध्ये मुद्रणाचा प्रकार एमकेव्ही ठेवावा, आणि काम झाल्यावर त्याच्याच फाईल मेनूतील ‘रीमक्स’ या सोयीने ती फाईल एमपी४ करून घ्यावी. यात चित्राची प्रत उतरत नाही व वेळही फारसा जात नाही. ज्यांच्याकडे यूपीएस नाही, त्यांनी तर हे न चुकता करावे.

यंत्र अगदीच जुने व कमी शक्तीचे असेल तर ओबीएसमध्ये चित्राचा आकार १२८० बाय ७२० ठेवावा आणि सेकंदाला १० अथवा २० चित्रे पुरेशी मानावीत. अर्जाच्या पानावर काही धावत नसते. सेकंदाला ६० चित्रे घेऊन यंत्रास दमविण्यात अर्थ नाही.

‘फुकट’ या शब्दाचा अर्थ

मोफत म्हणविणारी सर्वच सॉफ्टवेअर सारखी नसतात. काही केवळ चाखण्यापुरती मोफत असतात. ‘बॅन्डिकॅम’चे उदाहरण घेता येईल : त्याच्या बिनपैशाच्या आवृत्तीत मुद्रण दहा मिनिटांवर थांबते आणि चित्रावर त्या सॉफ्टवेअरचे नाव छापले जाते. ‘कॅमटेशिया’ हे अमेरिकन सॉफ्टवेअर गुणवान आहे. मुद्रण, कापणी-जोडणी, अक्षरे घालणे हे सर्व त्यात एकाच ठिकाणी होते. परंतु ते आता वार्षिक वर्गणीवर मिळते. महाविद्यालयाने अथवा शिकवणीचा व्यवसाय करणाऱ्याने ते घ्यावे. वर्षाकाठी दहा-बारा लहान पाठ करणाऱ्या शेतकरी गटाने घेऊ नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तेवढ्या पैशात एक बरा माईक येतो, आणि पाहणाऱ्यास चित्रापेक्षा आवाजाचा दोष अधिक खुपतो.

काही सॉफ्टवेअर संगणकात न राहता इंटरनेटवरूनच चालतात व मुद्रण त्या कंपनीच्या दूरच्या यंत्रावर साठवतात. शेतकऱ्यांच्या नावानिशी असलेल्या अर्जांसाठी ही व्यवस्था टाळावी. आणि सर्वांत टाळावयाची गोष्ट म्हणजे किमती सॉफ्टवेअरची परवाना मोडून केलेली प्रत. पेन ड्राइव्हवरून हातोहात फिरणाऱ्या अशा प्रतींबरोबर व्हायरस येण्याचा धोका मोठा असतो. ज्या यंत्रावर गावाचे आधार क्रमांक, बँक पासबुकांच्या प्रती व सातबारे साठविलेले आहेत, त्या यंत्रात अशी वस्तू घालणे म्हणजे तपासणी न करता बाहेरचे आजारी जनावर आपल्या गोठ्यात बांधण्यासारखे आहे. मोफत सॉफ्टवेअरदेखील ते तयार करणाऱ्यांच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावे. शोध घेताना वर दिसणाऱ्या जाहिरातींच्या दुव्यांवरून घेऊ नये.

फाईलीचा आकार व त्याचा हिशेब

केलेले मुद्रण बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपवरूनच शेतकऱ्यांपर्यंत जाणार. त्यामुळे फाईल किती मोठी होते, हा प्रश्न सॉफ्टवेअरच्या किमतीइतकाच खर्चाचा आहे. फरक इतकाच की हा खर्च पाहणाऱ्यावर पडतो. याचा हिशेब सोपा आहे. ओबीएसमध्ये चित्राचा वेग २५०० किलोबिट ठेवल्यास एका मिनिटास सुमारे १९ एमबी जागा लागते. पाच मिनिटांचा पाठ ९४ एमबीच्या घरात जातो. तोच वेग १००० किलोबिट ठेवल्यास मिनिटास साडेसात एमबी, म्हणजे पाच मिनिटांस साडेसदतीस एमबी. आवाजाचे मिनिटास सुमारे एक एमबी निराळे. स्थिर पानांच्या पाठासाठी हा कमी वेग बहुधा पुरतो. एक मिनिटाचे मुद्रण करून ते मोबाईलवर पाहावे आणि अक्षरे वाचता येतात की नाही याची खात्री करून घ्यावी.

व्हॉट्सअ‍ॅपवर फाईल व्हिडिओ म्हणून पाठविली तर ती आपोआप दाबली जाते व रकान्यांतील बारीक अक्षरे पुसट होतात. तीच फाईल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास जशीच्या तशी जाते. २०२२ पासून अशा रीतीने २ जीबीपर्यंतची फाईल पाठविता येते. मुद्रण करण्यापूर्वी ब्राउझरमधील पान कंट्रोल व अधिकची कळ दाबून मोठे करून घेतल्यास मोबाईलवर वाचणाऱ्याचे डोळे वाचतात. ही युक्ती कोणत्याही महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा अधिक उपयोगी पडते.

पडद्यावर कोणाची माहिती दिसत आहे?

या सर्व कामातील खरी जोखीम येथे आहे. अर्ज कसा भरावा हे दाखविण्यासाठी समोर बसलेल्या शेतकऱ्याचाच अर्ज भरत मुद्रण करावे, असा मोह होतो. त्यात त्याचा आधार क्रमांक, बँक खाते, भ्रमणध्वनी क्रमांक आणि कधी कधी चालू ओटीपी, हे सर्व टिपले जाते, आणि ते गटागटांतून गावोगाव फिरते. एकदा फिरू लागलेली फाईल परत घेता येत नाही. आधार अधिनियम, २०१६ अन्वये कोणाचाही आधार क्रमांक जाहीर रीतीने प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ मध्ये स्वतंत्र कायदाही केलेला आहे. कायद्याची भीती बाजूस ठेवली तरी, ज्याने विश्वासाने आपले कागद आपल्या हाती दिले त्याचे खाते उघडे पाडणे हे कार्यकर्त्यास शोभणारे नाही.

यास्तव जेथे असे क्रमांक भरावयाचे असतील तेथे मुद्रण थांबवावे, क्रमांक भरून पुढील पान आले म्हणजे पुन्हा सुरू करावे. स्निपिंग टूल व ओबीएस या दोहोंत ही सोय आहे. गेम बारमध्ये नाही. साधन निवडताना हा फरक लहान समजू नये. क्रमांक टिपला गेलाच, तर तो भाग कापून टाकावा. त्यावर धूसर पट्टी लावून भागवू नये, कारण धूसर केलेले अंक कधी कधी ओळखता येतात. झाकावयाचेच असेल तर पूर्ण काळी पट्टी लावावी. शेतकऱ्याचे नाव अथवा जमीन दिसणार असेल तर त्याची संमती आधी घ्यावी. संगणकावर व्हॉट्सअ‍ॅप उघडे असेल तर ते बंद करावे, नाही तर कोणाचा तरी खासगी निरोप मध्येच कोपऱ्यात उमटतो.

मोबाईलवरील अ‍ॅपचे पाठ करावयाचे असल्यास अँड्रॉइड ११ पासून, म्हणजे २०२० पासून, मोबाईलमध्येच पडदा टिपण्याची सोय आहे. बँकेची व पैसे पाठविण्याची बहुतेक अ‍ॅप मुद्रणात काळी दिसतात. तो मोबाईलचा बिघाड नव्हे. सुरक्षेसाठी मुद्दाम तशी योजना केलेली असते.

पहिला पाठ कोणता घ्यावा?

सराव करण्यासाठी असा विषय घ्यावा, की ज्यात कोणाचीच खासगी माहिती येत नाही. घोडेगावसाठी असा विषय शोधावयास दूर जावे लागत नाही : कांद्याचे बाजारभाव. पुणे येथील महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर निरनिराळ्या बाजार समित्यांची आवक व दर पाहता येतात, आणि त्यासाठी नोंदणी अथवा ओटीपी लागत नाही. तेथे कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर व सर्वसाधारण दर असे तीन रकाने असतात. पुष्कळ शेतकऱ्यांची नजर जास्तीत जास्त दरावर जाते. तो दर त्या दिवशीच्या निवडक चांगल्या मालास मिळालेला असतो. बहुतेक माल ज्या दराच्या आसपास गेला तो सर्वसाधारण दर होय. गाडी भरून दूरच्या बाजारास न्यावी की जवळच द्यावी, हा हिशेब या रकान्यावर व वाहतुकीच्या भाड्यावर करावयाचा असतो. बाण त्या रकान्यावर दोन क्षण स्थिर ठेवून एवढीच गोष्ट सांगणारा तीन मिनिटांचा पाठ शेतकऱ्याच्या खिशास थेट उपयोगी पडेल.

पाठ झाल्यावर तो केवळ गटात टाकून मोकळे होऊ नये. या जिल्ह्यास याचा जुना अनुभव आहे. १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. तो त्या वेळच्या मुंबई राज्यातील पाच जिल्ह्यांतील १५० गावांत झाला व त्यात अहमदनगर जिल्ह्याचा समावेश होता. गावकरी एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत, मग त्यावर आपसांत चर्चा करीत, आणि त्यांचे प्रश्न केंद्राकडे जात. ऐकण्याइतकेच महत्त्व त्या चर्चेस होते. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर अथवा मोठ्या टीव्हीवर पाठ दाखवून, मध्ये थांबवून, ‘येथे तुम्ही काय भराल?’ असे विचारले, तर लोक कोठे अडतात ते लगेच कळते आणि पुढील पाठ त्यावर करता येतो.

प्रत्येक पाठाच्या आरंभी मुद्रणाची तारीख पडद्यावर व आवाजात दोन्हीकडे द्यावी आणि एका पाठात एकच काम घ्यावे. कारण संकेतस्थळांची पाने बदलतात व नियमही बदलतात. पीक विम्यात खरीप २०२३ पासून शेतकऱ्याने केवळ एक रुपया भरावयाचा होता. खरीप २०२५ पासून ती सवलत राहिली नाही, आणि खरीप पिकांसाठी दोन टक्के, रब्बीसाठी दीड टक्का व नगदी पिकांसाठी पाच टक्क्यांपर्यंत हप्ता पुन्हा लागू झाला. एक रुपयाच्या काळात केलेला पाठ ज्यांच्या मोबाईलवर अद्याप असेल, त्यांस तो काढून टाकण्यास सांगावे, आणि हंगाम सुरू होण्यापूर्वी त्याच नावाने, नव्या तारखेचा पाठ त्याच गटांत पाठवावा.